आमच्या घरचं एकमत

आमच्या घरी ठराव झाल्याशिवाय पान हलत नसे, आणि हे मी काही कौतुकानं सांगत नाहीये. कोणाच्या घरी बाप म्हणेल ते व्हायचं, कोणाच्या घरी आई म्हणेल ते. आमच्या घरी दर रविवारी सभा व्हायची. विहारातली वंदना आटोपली की बाबा अंगातला पांढरा सदरा न उतरवताच ओसरीत सतरंजी टाकायचे, कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढायचे आणि आम्हाला "या, बसा" म्हणायचे, जणू आम्ही कुठून तरी एस.टी.नं आलो आहोत. बाबा कामरगावातल्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते आणि विहाराच्या समितीचे सचिव. पहिलं काम पोटासाठी, दुसरं हौसेसाठी, आणि सगळा जीव दुसऱ्यात. समितीच्या सभेतला सूचक, अनुमोदक, हात वर करून मतदान, इतिवृत्त हा सगळा थाट त्यांना इतका आवडला होता की त्यांनी तो उचलून घरी आणला. बाकीचे बाप बाजारातून येताना फुटाणे आणत.

सभेला आम्ही पाच जण. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आमची आत्या. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती आणि तिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असे. माझ्यापेक्षा मोठा मिलिंददादा, मी, धाकटी विशाखा आणि माय. माय सतरंजीवर कधी बसलीच नाही. स्वैपाकघराच्या दारात चूल होती, तिथून ती सभेला हजर असायची. "तुमचं चालू द्या, मले आयकू येते," म्हणायची. रविवारी उडदाचं घुटं, ज्वारीच्या भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेसा असा बेत ठरलेला. बाबा विषय वाचायचे आणि पाठीमागून भाकर थापल्याचा थप थप आवाज यायचा. स्टँडवर गाडी लागली की तिचा हॉर्न आमच्या छपराच्या टिनांवर आदळायचा, मग बाबा पेन वर धरून थांबायचे. हॉर्न संपला की पुढचा विषय.

विषय तरी काय असत! दादानं केस कानाच्या खाली वाढवावेत काय. शेळीला झालेल्या पाटीचं, म्हणजे मादी पिलाचं, नाव काय ठेवावं. भिंतीला निळा चुना की पांढरा. सगळं हात वर करून. आणि मजा अशी, की त्या वहीत सगळीकडे एकच शब्द लिहिलेला होता, 'एकमताने'. पाहुण्यांना बाबा ती वही अभिमानानं दाखवत. "आमच्या घरी वाद नाही," म्हणत. वाद कुठून असणार? बाबांनी विचारलं की आधी कोणीच हलत नसे. विशी दादाकडे बघायची, दादा माझ्याकडे, मी आत्याकडे आणि आत्या छताकडे. मग कुठून तरी एक हात अर्धा वर यायचा, आणि तो दिसला रे दिसला की बाकीचे फटाफट वर. पहिला हात कोणाचा होता आणि त्याला खरंच तसं वाटत होतं का, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आता आमच्या घराचा मोबाईलवर ग्रुप आहे. चाळीस माणसं आहेत त्यात. कोणी काही टाकलं की अर्धा दिवस सामसूम असते. मग एकानं अंगठा दाखवला की धडाधड बाकीच्यांचे अंगठे येतात. मी एकटीच हसत बसते आणि शेवटचा अंगठा दाखवते.

माणूस एकटा असताना एक असतो आणि चारचौघांत दुसराच, हे मी त्या घरात शिकले, शाळेत नाही. दादा एरवी सहा भाकरी खायचा. पाहुणे आले की दोन खाऊन "बस झालं" म्हणायचा आणि पाहुणे उठले की टोपलं हुडकत फिरायचा. आत्या आठवडाभर ताठ चालायची, पण सासरचं कोणी आलं की तिचा डावा गुडघा दुखायला लागायचा. मी वाचताना अडखळायची, पण ओसरीवर कोणी बसलेलं असलं की माझा आवाज चढायचा आणि न समजलेलं वाक्यसुद्धा मी खणखणीत वाचून काढायची. मायचं मात्र मला कधी कळलं नाही. ती सगळ्यांसमोर आणि एकटी सारखीच गप्प होती.

तर मी बारावी झाले आणि वाशीमला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला. केला म्हणजे शाळेतल्या बाईंनी माझ्याकडून भरून घेतला. मी तो पेटीत टाकून विसरल्यासारखं केलं, पण विसरले नव्हते. रोज पोस्टमन दिसला की मी काहीतरी काम काढून दारात उभी राहायची. एका शनिवारी पत्र आलं. निवड झाली, होस्टेलवर राहावं लागेल, शुक्रवारपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देण्यात येईल. मी ते पत्र गोठ्यामागं नेऊन चारदा वाचलं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की पांढऱ्या साडीत मी कशी दिसेन तेसुद्धा मी आत्याच्या पांढऱ्या लुगड्याची घडी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं होतं. पण घरात मी फक्त "पत्र आलं" एवढंच म्हटलं. बाबा म्हणाले, "उद्याच्या सभेत घेऊ."

आणि नेमके त्या रविवारी आत्याचे दीर आले. कारंज्याचे काका. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीवर बसला की खुर्ची मोठी व्हायची. आम्ही खाली सतरंजीवर, ते वर खुर्चीत, हातात चहाची बशी. बाबांनी विषय वाचला, "कुमारी प्रमिला हिनं वाशीमले ट्रेनिंगले जावं काय?" काका म्हणाले, "मी पाहुना मानूस, माहं काही म्हननं नाही." मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि जे काही म्हणणं नव्हतं ते सगळं म्हणून घेतलं. पोरगी एकटी, होस्टेल, रात्रपाळी, आजकालचे दिवस, उद्या सोयरीक पाहायची वेळ आली तं लोक काय इचारतील. शेवटी पुन्हा म्हणाले, "माहं काही म्हननं नाही. तुमचं तुमी पाहा."

बाबांनी घसा साफ केला. "पमीनं जावं असं ज्याईले वाटते, त्याईनं हात वर करा." कोणी हललं नाही. मी दादाकडे पाहिलं, तो सतरंजीचा धागा ओढत होता. मी मायकडे पाहिलं, तिचं तोंड चुलीकडे होतं. माझा स्वतःचा हात माझ्याच मांडीखाली दबून बसला होता, आणि तो कोणी दाबला होता हे आजही मला सांगता येणार नाही. बाबा थांबले. स्टँडवर हॉर्न वाजला, संपला. "बरं," बाबा म्हणाले, "पमीनं जाऊ नये असं ज्याईले वाटते, त्याईनं हात वर करा." आत्याचा हात वर गेला. तो गेलेला दिसताच विशीचा गेला, कारण विशीचा जातच असे. मग दादाचा. मग चुलीपाशी पिठानं भरलेला मायचा हात खांद्यापर्यंत आला. आणि मग, शपथेवर सांगते, माझा. माझाच हात, माझ्याच विरुद्ध, चांगला कोपरातून सरळ. मला वाटलं, एवढ्या सगळ्यांना वाटतंय तर तसंच असेल. आणि दुसरं वाटलं ते असं, की काकांसमोर एकटीचा हात खाली कसा दिसेल! बाबांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सदर ठराव एकमताने मंजूर. सूचक, आत्या." काकांनी मान हलवली आणि दुसरा चहा मागितला.

सोमवारी मी आत्याशी बोलले नाही. ती परातीत डाळ निवडत होती, मीही समोर बसून खडे वेचत होते. शेवटी तीच म्हणाली, "काहून वं, तोंडात काय मूग भरले काय?" मी म्हटलं, "तुनंच तं पयला हात वर केला." आत्यानं परात खाली ठेवली. "म्या? बह्याड कुठची! दीर समोर बसलेला, डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरून राह्यली होती मी!"

"मंग हात खाली काहून नाही केला?"

"कशी करू? तवर तुमचे सगळ्याईचे वर झाले. मी एकटीनं खाली केला असता तं बरं दिसलं असतं काय?"

मला हसावं की तिच्या डोक्यावर परात ओतावी कळेना. माझ्या आयुष्याचा ठराव आत्याच्या पदरानं मांडला होता. मंगळवारी हातपंपावर दादाला गाठलं. तो म्हणाला, "मले वाटते तू जावं. तुह्यासारखी हुशार पोरगी गावात हाय काय दुसरी?" मी म्हटलं, "मंग हात?" तो पंपाचा दांडा जोरात हलवायला लागला. "आता आत्याचाच वर झाला म्हटल्यावर... आन तुहा बी तं होता!" मी घागर उचलून घरी आले. विशीनं तर सरळ विचारलं, "कोनता ठराव होता तो?" राहिली माय. तिनं मंगळवारी, सणवार काही नसताना, पातोडीची भाजी केली. बेसनाच्या वड्या, तर्री, वर तेलाचा तवंग. मला सगळ्यात आवडणारी. माझ्या ताटात तीनदा वाढली. मला असा राग आला त्या भाजीचा! पण खाल्ली, तीन वेळा.

बुधवारी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. एकानं बैल आणला होता, खांद्याला जखम झालेला. जनावर अडकवायच्या लाकडी खोड्यात घालून बांधला तरी तो नुसता उसळत होता, लाकडं करकर वाजत होती. बाबा त्या शेतकऱ्याला म्हणाले, "याचा जोडीदार कुठी हाय? आना त्याले." बाहेर झाडाला बांधलेला दुसरा बैल आणून खोड्याशेजारी उभा केला. तो बिचारा शांतपणे रवंथ करत उभा राहिला, आणि काय सांगू, खोड्यातलाही हळूहळू गार झाला. जखम धुवायची वेळ आली तेव्हा बाबांनी त्याच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं. "आता कोनाकडे पाहत नाही तो," म्हणाले. बैल तसाच उभा राहिला.

काम झाल्यावर बाबा नळावर हात धूत होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी विचारलं, "बाबा, तुमाले काय वाटते?"

"कायचं?"

"मी जावं का नाही?"

बाबांनी साबण पुन्हा लावला, पुन्हा धुतला. "मले? मले तं कोनी इचारतच नाही पमे. मीच सगळ्याईले इचारतो." मग हात पुसत म्हणाले, "पन तुहाच हात वर होता ना बाई. मी पाह्यला. मले वाटलं, तुलेच जायचं नाही. मनलं, बळजबरी कायले करावं."

मग मी आत्याच्या पदराची गोष्ट सांगितली. दादाचं सांगितलं. माझंही सांगितलं, रडत रडत, नाक पुसत. बाबा हसले नाहीत. ते त्या बैलाकडे बघत उभे राहिले. पोतं अजून त्याच्या डोळ्यांवरच होतं. मला म्हणाले, "डबा ठेव आन घरी जा. उद्या सकायी तातडीची सभा."

गुरुवारी सकाळी सात वाजता सतरंजी टाकली गेली. आत्या केस विंचरता विंचरता आली. दादाच्या गालाला साबण होता. माय चुलीपाशी, तवा तापलेला. बाबा म्हणाले, "विषय एकच. मागच्या रविवारचा. फेरविचार. फक्त या टायमाले सगळ्याईनं डोये मिटाचे. मी सांगन तवाच उघडाचे."

"म्हंजे?" आत्या म्हणाली. "आंधयी कोशिंबीर हाय काय?"

"आक्का, मिट डोये."

आम्ही डोळे मिटले. मागं भाकर थापायचा आवाज थांबला, म्हणजे मायनंही मिटले असावेत असं मला वाटलं. बाबा म्हणाले, "पमीनं वाशीमले जावं असं ज्याले मनापासून वाटते, त्यानं हात वर करावा. कोनी कोनाले पाहून नाही राह्यलं."

तुम्हाला वाटेल, आता काय अडचण होती? घरातल्या प्रत्येकाला मी जावं असं वाटत होतं आणि ते मला माहीत होतं. डोळे मिटलेले होते, काका कारंज्याला होते. पण बाबांनी डोळे मिटवले, कान कुठं मिटवले? मी जीव कानात गोळा करून ऐकत होते. मायच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या होत्या, विशीच्या हातात जत्रेतल्या काचेच्या. हात वर गेला तर वाजतीलच. एक बांगडी वाजली नाही. आत्याचं लुगडं सळसळलं नाही. दादा नाकानं श्वास घेत होता तेवढाच आवाज. मला वाटलं, बघ, कोणालाच नकोय. तोंडावर गोड बोलले सगळे. आणि मग मी एकटीनं कशाला करू? माझा हात मांडीवरच राहिला. कुठून तरी भाकर जळाल्याचा वास आला. मला वाटलं संपलं, आता शुक्रवार जाईल, जागा दुसऱ्या मुलीला जाईल आणि मी जन्मभर या ओसरीत खडे वेचत बसेन.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला, सभेतला नाही, जनावरांना दटावायचा, मोठा. "हां! सगळ्याईचे हात वर हायेत! कोनी खाली करू नका! उघडा डोये!"

आणि बांगड्या वाजल्या. खळकन. माझा हात कसा वर गेला मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा पाचही हात वर होते, दादाचा तर पार डोक्याच्या वर. बाबा वहीत मान घालून लिहीत होते आणि त्यांचं अक्षर त्या दिवशी फार वाकडं आलं. "एकमताने," म्हणाले. आत्यानं लगेच "मी तं पयलेच मनत होती" म्हणून टाकलं. मी मान खाली घातली. मनात एकच टोचणी होती, की या घरात सगळ्यांनी माझ्यासाठी हात वर केला आणि माझा एकटीचाच उशिरा गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बाबा मला घेऊन निघाले. मायनं भाकरी आणि ठेसा बांधून दिला, कारंज्याला गाडी बदलताना तो बाबांनी एकट्यानंच खाल्ला. वाशीमला होस्टेलच्या दारात बाबांनी माझी ट्रंक ठेवली आणि मॅडमना उगाचच "नमस्कार साहेब" म्हणाले. पुढं मी नर्स झाले, मानोऱ्याकडच्या गावांत, पोहरादेवीच्या यात्रेतल्या ड्युटीवर, सगळीकडे नोकरी केली. लसीकरणाला पहिली बाई पुढं येईपर्यंत सगळ्या पदराआडून एकमेकींकडे बघत बसत. तेव्हा मी खुशाल म्हणायची, "अवं, त्या वस्तीतल्या सगळ्याईनं घेतली, तुमीच राह्यल्या." त्या वस्तीतही मी हेच सांगून आलेली असायची. ही युक्ती माझी स्वतःची आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

बाबा गेल्यावर वर्षभरानं पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे कामरगावला जमलो. आत्या तोवर उरली नव्हती. जेवणं झाली, पाहुणे गेले. ओसरीत दादा, विशी, मी आणि भिंतीला टेकून माय. बोलता बोलता मी कबूल करून टाकलं, की त्या गुरुवारी डोळे मिटले होते तेव्हा माझा हात वर नव्हता. बाबा खोटं बोलले, पण ते फक्त माझ्यापुरतं.

दादा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "माहा बी नोयता."

विशी म्हणाली, "माहा कुठी होता? मी तं आवाज यायची वाट पाहून राह्यली होती."

आम्ही तिघं एकदम हसलो आणि एकदम थांबलो. मी म्हटलं, "म्हंजे कोनाचा होता तरी काय? माय, तुहा?"

माय म्हणाली, "नाही."

"तू डोये मिटले होते ना पन?"

"मी कायले मिटू? तव्यावर भाकर होती." तिनं पाय लांब केले, गुडघे चोळले. "कोनाचाच नोयता वर. तुमी तिघं आन तुमची आत्या, बसले होते मातीच्या बैलाईवानी. मी पाह्यलं."

"मंग बाबानं पाह्यलं नाही काय?"

"ते कुठून पाहतील? त्याईचे बी डोये मिटलेलेच होते. घट्ट. तुमच्याहून घट्ट. आन दोन्ही हात वर, असे." मायनं आपले दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दाखवले. त्या वयात ते तिच्याच्यानं पुरते वर जाईनात. "तसंच वरडले, सगळ्याईचे वर हायेत म्हनून. मंग झटकन हात खाली घेतले आन वही वढली."

"आन तू? तुनं तरी करायचा ना वर."

"मले भानच नाही राह्यलं वं. इतक्या वर्साचा संसार, पन तो मानूस मले असा कधी दिसलाच नोयता. मी पाहतच बसली. भाकर जयली माही."

दादा खाली बघत होता, विशी मायकडे. मी रडले. कोणाकडे न बघता, सगळ्यांच्या आधी.